विहीणबाई बैठक घेतात

तीन माणसं एका ठिकाणी उभी दिसली की माझ्या विहीणबाईंना त्यांची बैठक घेतल्याशिवाय राहवत नाही, आणि त्या तिघांत मी असलो तर माझ्या गळ्यात एखादं काम पडल्याशिवाय ती बैठक संपत नाही. आयटीआयमधून शिवणकाम शिकवणाऱ्या निदेशक म्हणून त्या निवृत्त झाल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता नातवंडं खेळवतील. पण आमच्या बेलापूरची पोरं कामासाठी चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत जातात आणि बेलापुरातल्या दुकानांना माणूस मिळत नाही, हे त्यांनी एकदा मनावर घेतलं आणि माझं स्वास्थ्य गेलं. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायची, हा धंदा. त्यात माझी लेक यांच्या घरात दिलेली. मुलीच्या बापाने विहिणीला नाही कसं म्हणायचं, हे मला कधी जमलं नाही आणि ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

नातीच्या बारशाला पाळण्याची दोरी एका हातात धरून त्यांनी सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक आणि माझ्या दुकानासमोरचा वाइंडिंगवाला यांना एका सतरंजीवर बसवलं. या समोरच्याने माझा मेस्त्री फोडून नेला होता, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मला मुद्दाम त्याच्याच शेजारी जागा मिळाली. "शाळेची खोली रिकामी आहे, गावातल्या बायकांना काम हवंय, तुम्हा दोघांना माणसं हवीत. मग अडचण कुठे आहे?" अडचण माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती, पण पाहुण्यांसमोर बोलणार काय? मुलीचं नाव ठेवायच्या आधी वर्गाचं वेळापत्रक ठरलं: सोमवारी मी शिकवायचं, गुरुवारी त्याने. कागद सापडेना म्हणून सह्या पेढ्यांच्या खोक्याच्या झाकणावर घेतल्या. ते झाकण शाळेच्या कपाटात अजून दप्तर म्हणून जपून ठेवलेलं आहे.

पुढचे सहा महिने नुसता छळ होता. मी दात घासत असताना फोन यायचा. फोन उचलला नाही तर लेक दारात हजर, "बाबा, आई विचारतायत, तार आणली का?" बायकांच्या सासवांना समजवायला त्या घरोघर जायच्या, आणि धंद्याची माहिती द्यायला मला बरोबर न्यायच्या. मी किती सासवांचा चहा प्यालो, देवाला माहीत. वर्गात सातजणी आल्या, चार टिकल्या. त्यातल्या मंगलचा हात सगळ्यांत साफ. "हिला कामावर घ्या," विहीणबाई म्हणाल्या. मी म्हणालो, "बाईने भरलेली मोटार कुठलाही शेतकरी विहिरीत सोडणार नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या जुन्या मेस्त्रीने भरलेली दोनदा जळाली, तेव्हा त्याची मिशी काही कामाला आली का?" महिनाभर बघू, असं म्हणून मी सुटका करून घेतली.

आणि ऐन उन्हाळ्यात मंगलने भरलेली मोटार तिसऱ्या दिवशी जळाली. शेतकरी दुकानात येऊन ओरडायला लागला, "म्या आदीच म्हनलं हुतं! ऊस वाळाय लागलाय माजा!" मंगल खाली मान घालून उभी. उद्यापासून येऊ नकोस, हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात विहीणबाई आल्या. त्यांनी वाद घातला नाही. एक टेम्पो थांबवला, त्यात सरपंच, मुख्याध्यापक, समोरचा, मंगल आणि मी, सगळ्यांना कोंबलं आणि थेट त्या शेतावर विहिरीच्या काठाशी बैठक लावली.

मंगलने स्टार्टरची पेटी उघडली, मीटर लावला, पुन्हा लावला. मग शेतकऱ्याला म्हणाली, "काका, तीनातला एक फेज येतच न्हाई. इथं कोनतीबी मोटार जळंल."

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मंगलला दोष देण्याआधी हे तपासायला मला सुचलं नव्हतं. समोरच्याने मीटर हातात घेतला, स्वतः पाहिलं आणि म्हणाला, "पोरीचं काम बराबर हाय. आन हिला ठिवायची नसंल कुनाला, तर उद्या माज्याकडं येऊ द्या."

"ती माझ्याकडे आहे," मी ताडकन म्हणालो. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

शेतकऱ्याने आधी वायरमनला फोन लावून फेजची तक्रार केली. "मंग भरा पुन्यांदा," तो म्हणाला, "पर हिनंच भरायची."

आता दोन्ही दुकानांत मिळून चौघी काम करतात. समोरचा रोज चहाला येतो. आमच्या गप्पांचा विषय एकच, विहीणबाईंचा जाच. पण त्या आता इथे नाहीत. जावयांची बदली कोपरगावला झाली आणि सगळं घर तिकडे गेलं. परवा त्यांचा फोन आला. तिथल्या बायकांसाठी वर्ग काढायचाय, मंगलला चार दिवस पाठवा. ऐन हंगामात! मी चिडून बरंच काही बोललो, मुलीचा बाप आहे हेही विसरलो. मग त्या म्हणाल्या, "बोला अजून. इथे माझ्याशी कोणी भांडतच नाही हो, व्याहीबुवा. सगळे नुसते हो-हो म्हणतात आणि घरी जातात."

मंगलबरोबर मीही येतो, एवढंच म्हणालो.