गाऱ्हाण्यातला होकार

देवळात नारळ फुटल्याचा आवाज आला की अजून माझं डोकं फिरतं. एका नामांकित रॅपरने डिचोलीत आम्हा चौघींचा ग्रुप काढला होता. आमच्या विहिरी आटवणाऱ्या खाणीवर मी देवळातल्या गाऱ्हाण्याच्या चालीत रॅप लिहिला आणि गावात बोंब उठली, देवाचा अपमान झाला म्हणे! "पोरींनी परस्पर गायलं," म्हणत रॅपरने हात झटकले. आम्हाला देवळात उभं केलं. धुपाने डोळे चुरचुरत होते. म्हाताऱ्या मानकऱ्याने नारळ धरून गाऱ्हाणं घातलं, "ह्या चेडवांची चूक झाली, ती पोटात घाल रे म्हाराजा!" आणि लहानपणापासूनच्या सवयीने सगळ्या गावाबरोबर मीही ओरडले, "व्हय म्हाराजा!" विहीर अजून कोरडीच आहे. तो होकार मला परत हवाय.