पुलाचा बारावा फोटो

तुमच्या घरातल्या सगळ्यात सरळ माणसाने पन्नासहून जास्त वर्षं एक गोष्ट पोटात दाबून ठेवली, आणि त्यामुळे एका मेलेल्या माणसावर खोटा ठपका राहिला, हे उद्या तुम्हाला कळलं तर तुम्ही कुणाची बाजू घ्याल? लगेच उत्तर देऊ नका. आधी वाचा.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात पप्पांचा छोटा छापखाना आहे. अंगात येणं, भानामती, उतारे या सगळ्याविरुद्धची पत्रकं मी दहाव्या वर्षी दारोदार वाटली आहेत. पप्पांचा एकच नियम — "खाली नाव, ठिकाण आणि सही नसेल तर ते पत्रक नाही, अफवा आहे." त्यामुळे या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले. आज स्वतःच लिहितेय... हसा खुशाल. फक्त शेवटपर्यंत वाचा.

माझे आजोबा — आम्ही त्यांना आबा म्हणतो — एकाहत्तरच्या लढाईत टेहळणी विमानांच्या एका तळावर डार्करूममध्ये होते. त्यांनी बंदूक कधी हातात धरली नाही. विमान शत्रूच्या हद्दीत जाऊन फोटो काढून यायचं, आबा रीळ धुवायचे, फोटो छापायचे. साताऱ्याकडच्या एका बौद्धवस्तीतून आलेल्या बावीस वर्षांच्या मुलासाठी ही केवढी गोष्ट होती! आमच्या घरात आबांचा फौजेतला फोटो अजून दर्शनी भिंतीवर आहे.

गेल्या वर्षी आबांचा डावा डोळा गेला. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लावली.

"पोरी, एक पत्रक लिहायचंय. माझ्याविरुद्ध."

मला वाटलं थट्टा करतायत. "कोण छापणार? पप्पा?"

"तोच छापेल. सही करतो मी खाली."

ट्रंकेत एक खाकी पाकीट होतं. त्यात एका पुलाचे आकाशातून काढलेले फोटो, आणि दोन भिंगांचं एक यंत्र. आबा त्याला 'आरसा' म्हणतात. एकापाठोपाठ काढलेले दोन फोटो त्याच्याखाली शेजारी शेजारी ठेवायचे आणि एकेका डोळ्याने एकेक पाहायचा. जमीन उठून दिसते... टेकडी हाताला लागेल अशी. पण डावा फोटो उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला की सगळं उलटं होतं. उंचवटा खड्डा दिसतो, खड्डा उंचवटा.

तुम्ही ओळखलंत ना?

लढाईच्या पहिल्या दुपारी चार वाजता एक विमान पुलाचे फोटो घेऊन आलं. आबा दोन दिवस झोपले नव्हते. त्यांनी ओले फोटो पुसले, जोडी लावली आणि फोटो वाचणाऱ्या साहेबांच्या आरशाखाली सरकवली. उलटी. पुलाशेजारी वाळूच्या पोत्यांचे चार उंचवटे होते. प्रत्येकात एक तोफ. साहेबांना दिसले चार खड्डे. त्यांनी लिहिलं — रिकामे. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान पुन्हा पाठवलं, या वेळी कमी उंचीवरून, जवळून फोटो आणायला. आत दोन माणसं, वैमानिक आणि वाट दाखवणारा नॅव्हिगेटर. विमान परत आलं नाही.

"मला संध्याकाळी कळलं," आबा म्हणाले. "जाळायला दिलेला गठ्ठा आवरत होतो. सहज जोडी लावून बघितली. उंचवटे होते गं ते... उंचवटे."

पुढचं ऐका, खरा अन्याय इथे आहे. चौकशी झाली. पुलापाशी तोफा नाहीत असं कागदावर आधीच लिहिलेलं. मग विमान पडलं कसं? म्हणजे ते पुलाकडे गेलंच नसणार. म्हणजे नॅव्हिगेटर चुकला, विमान भरकटलं. एका चुकीच्या कागदावरून दुसरा कागद तयार झाला आणि दुसऱ्यावर एका मेलेल्या माणसाचं नाव लागलं — वसंत. आडनाव लिहीत नाही, त्यांच्या बहिणीने नको म्हटलंय.

"आणि तुम्ही गप्प बसलात?" मी आबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

"बसलो. आपल्या लोकांतून डार्करूमपर्यंत पोचलेला मी पहिला होतो. बोललो असतो तर म्हणाले असते, बघा, यांना असली कामं द्यायचीच नसतात. माझ्यामागनं तीन पोरं लागली त्या खात्यात. ती लागली नसती." मग म्हणाले, "हे कारण खरं आहे. पण वसंतसाहेबांच्या आईला ते काय कामाचं?"

 

वसंतची धाकटी बहीण, सुधाताई, मुलुंडला राहतात हे आबांना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणजे बघा... घाटकोपर ते मुलुंड. पन्नास वर्षं हा माणूस एवढं अंतर गेला नाही. मी फोन करून रविवारी दुपारी चारची वेळ घेतली.

आता नीट लक्ष द्या, कारण यापुढे मी मोजून-मापून लिहिणार आहे. त्या सकाळी मी पाकीट घेऊन आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. सगळे फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन केले. अकरा. प्रत्येक फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवीवर मार्करने एक ते अकरा आकडे टाकले. पाकीट सेलोटेपने बंद केलं. टेपवर आडवी सही केली — छापखान्यातली सवय. पाकीट माझ्या बॅगेत, बॅग माझ्या मांडीवर. हायवेने टॅक्सीतून गेलो. आबा पुढे बसले होते, मी मागे. कांजूरमार्गला कचऱ्याचा वास आला म्हणून काच वर केली, तेवढाच काय तो बॅगेवरचा हात निघाला.

सुधाताई पंचाहत्तरीच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, ताठ. जेवणाच्या टेबलावर पांढरं मेणकापड. दुसरं कुणी घरात नव्हतं. पाकिटावरची टेप मी त्यांच्यासमोर फाडली. सही जशीच्या तशी होती. अकरा पिशव्या मांडल्या. आबांनी सगळं सांगितलं, न रडता, फौजी रिपोर्ट द्यावा तसं. मग मी जोडी नीट लावली आणि सुधाताई आरशावर वाकल्या.

"वर येतायत," त्या म्हणाल्या. "चार आहेत."

"हो ताई."

"आता उलटी लावा."

मी लावली. त्यांनी पाहिलं. खुर्चीत मागे टेकून बसल्या.

"एवढंच? एवढ्याशासाठी? माझी आई त्या 'भरकटलं' शब्दावर गेली हो. ओळखीच्या बायका हळदीकुंकवाला यायच्या आणि म्हणायच्या, लहानपणीही तुमचा वसंत वाट चुकायचा का? दुसऱ्याला घेऊन मेला म्हणायचे लोक त्याला. आणि तुम्ही पलीकडे घाटकोपरला बसून..."

"भीती वाटली, ताई."

"मला तुमची भीती नको. मला लेखी द्या."

आबांनी हात जोडले नाहीत, चष्मा काढला फक्त. "त्यासाठीच आलोय. नात लिहील, मी सही करेन."

"लिहा मग. बघते काय अशी? लिही!" हे मला.

मी कागद काढण्यासाठी फोटो बाजूला केले. सगळ्यात खालची पिशवी उचलली आणि तिच्याखाली एक फोटो होता. पिशवी नसलेला. कडा वर वळलेल्या. मी उचलला तर तो बोटांना चिकटला... ओला होता. मेणकापडावर पाण्याचा चौकोन उमटला होता.

"अगं, माझं टेबल! काय सांडलंस?" सुधाताई म्हणाल्या.

मी पिशव्या मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. अकरा. हातातला बारावा.

आबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. एक डोळा गेलेला, दुसऱ्याला मोतीबिंदू. त्यांना फोटो दिसणं शक्यच नव्हतं. पण ते उभे राहिले.

"हायपो," ते म्हणाले. "हायपोचा वास येतोय. आत्ता धुतलाय कुणीतरी."

हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं द्रावण. मलाही वास आला. आंबूस, नाकात चढणारा. त्या घरात त्याआधी फक्त चहाचा वास होता.

आबांनी विचारलं, "सावली कुठे पडलीय? नदीचं वळण वर धर आणि सांग."

अकराही फोटोंत पुलाची सावली उजवीकडे होती. सगळे दुपारचे. बाराव्यात सावली डावीकडे होती.

"सकाळ," आबा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "कडेच्या काळ्या पट्टीत घड्याळ असेल."

होतं. बोटाच्या नखाएवढं. सात वाजून पंचवीस मिनिटं.

"पूल कुठाय?"

"मधोमध, आबा. अगदी मधोमध. खूप जवळून आहे... कठडे दिसतायत. चारही उंचवटे आहेत. एका तोफेच्या तोंडाशी पांढरा ठिपका आहे."

आबा खाली बसले. "तो धूर आहे."

आबांच्या माहितीप्रमाणे सकाळी त्या पुलावर एकच विमान गेलं होतं. जे परत आलं नाही ते. त्याचं रीळ आमच्या आबांच्या हातात कधीच पोचलं नाही.

सुधाताईंनी माझ्या हातातून तो फोटो घेतला. पदराने पुसायला गेल्या, मग थांबल्या. टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"चुकला नव्हता," एवढंच म्हणाल्या. मग आबांकडे न बघता, "चहा निवला तुमचा. दुसरा टाकते."

माझ्या सगळ्या शंका काढून झाल्या. आबांनी आत सरकवला? त्यांचा हात पाकिटाला लागला नव्हता, आणि निगेटिव्हच नाही तर छापणार कशावरून? सुधाताईंनी? त्यांनी हे फोटो आधी कधी पाहिलेच नव्हते. दोन फोटो एकमेकांना चिकटले होते? मग तो पिशवीच्या आत असता, बाहेर नाही, आणि ओलावा कुठून आला? पवईला रसायनशास्त्र शिकणाऱ्या मित्राला फोटो दाखवला. तो म्हणाला, "कागद जुना आहे, असा आता बनत नाही. पण धुतलाय परवा-तेरवा. पुढचं मला विचारू नकोस यार, मला पास व्हायचंय." पप्पांनी भिंग लावून बघितला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे पत्रक नव्हतं. "भूतबित लिहू नकोस," म्हणाले. "जे झालं तेवढंच लिही." तेच करतेय.

आबांचा सहीनिशी कबुलीजबाब आणि बाराव्या फोटोची प्रत हवाई दलाच्या कार्यालयाला पाठवली. उत्तर आलं. जबाबाची नोंद घेतली, पण विमान पुलापर्यंत पोचल्याचा पुरावा नाही. सोबतचा फोटो कोणत्या उड्डाणाचा, ते कळवावं. काय कळवू? परत न आलेल्या? मी खोटं लिहिणार नाही आणि खरं कुणी फायलीत घेणार नाही. फोटो वाळलाय, सुधाताईंच्या कपाटात आहे. तो आला कसा, याचं माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. आबांचा दुसरा डोळा चाललाय. सुधाताई दर रविवारी फोन करून विचारतात, "आलं का गं काही?"

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात, कुणी त्या लढाईत टेहळणी विमानांच्या तळावर असेल — वैमानिक, मेकॅनिक, स्वयंपाकी, कुणीही — तर आज त्यांच्याजवळ बसा. उद्या नको, ही माणसं थकलीत. त्यांना एकच विचारा: लढाईच्या पहिल्या दुपारनंतरच्या सकाळी, जिथून एक विमान परत आलं नाही त्या पुलाकडे दुसरं एखादं विमान गेलं होतं का? गेलं असेल, तर तसं लिहा. माझा हा अनुभव खोटा ठरेल आणि मी तो याच सदरात जाहीर मागे घेईन. गेलं नसेल, तर तेही लिहा, म्हणजे तो फोटो वसंतचा ठरेल. काहीही असो... खाली नाव, ठिकाण आणि सही घ्या, आणि या सदराच्या पत्त्यावर पाठवा.