सारजाबाईंची तक्रार

मुलांनो, आज जुन्या फिल्मचा डबा उघडला आणि व्हिनेगरसारखा आंबट वास आला. त्यासरशी पिशोरच्या वाटेवरच्या सारजाबाई आठवल्या. कारखान्याच्या सांडपाण्यानं त्यांची विहीर नासली होती आणि माझ्या माहितीपटात त्या पहिल्यांदाच उघड बोलणार होत्या. पण आधी त्या लुगडं बदलायला निघाल्या.

"अंगावरचं फाटकंच राहू द्या, मावशी. ऊन चाललंय," कॅमेरामन म्हणाला.

"फाटक्यात दावलं तर लोक दया करतील, बाबा. मला विहीर पायजे."

मी त्याला थांबायला सांगितलं. त्या हिरवं इरकल नेसून आल्या, तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. चित्र अंधुक आल्याची मला तेव्हा फार हळहळ वाटली. आज ती फिल्म खिडकीशी धरली. चेहरा ओळखू येत नाही, पण जाब विचारायला ताठ उभी राहिलेली बाई स्वच्छ दिसते.