शेवटचं गाणं आज शेवटपर्यंत वाजलं!

मंडळी, हा कागद वाचून पुढच्याकडे द्या. आज जिंकलो!

आपल्या लाडक्या इंग्लिश बँडचा तो जुना अल्बम कंपनीने पुन्हा काढलाय. मामाने मुंबईहून नवीकोरी रेकॉर्ड आणली. आपल्या जुन्या रेकॉर्डवर शेवटच्या गाण्यात गिटार आली की सुई अडकते, ढकलली तर सरकून थेट गाण्याच्या शेवटी जाते. इतकी वर्षं ऐकून आपण गातानाही तिथंच अडकतो. पुढं काय हाय, कोणालाच ठाऊक नव्हतं.

आपला प्लेअर बिघडलाय, म्हणून महाडहून पोलादपूरला लाउडस्पीकरवाल्या बाळूदादाकडे निघालो. वाटेत ओळखीचा ट्रक भेटला, त्यात बसून उगाच आंबेनळी घाटात जाऊन आलो, ते जाऊ द्या. बाळूदादा सापडला एका हळदीच्या मांडवात.

"दादा, एकच गाणं लाव ना."

"इंग्लिश? हळदीत? अरे, नवरी पळून जाईल!"

नवरीची आत्या ओरडली, "लाव रे! तुझी तीच तीच गाणी ऐकून कान किटले."

गाणं लागलं. आत्या पदर खोचून नाचायला उठली, तिच्यामागे अख्खा मांडव. गिटार आली तसा सवयीने माझा हात सुई ढकलायला पुढं गेला. बाळूदादाने हातावर फटका मारला. सुई सरळ पुढं गेली!

मंडळी, तिथं गिटार थांबते, नुसते ड्रम वाजतात आणि सगळे मिळून गातात. आत्या म्हणाली, "परत लाव!"

आता सांगा, यापुढं गाताना आपण अडकायचं, की पुढं जायचं?