टाचांचं मलम

सत्तरच्या दशकात, मी लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा सासूबाई घरीच उटणं, दंतमंजन आणि भेगाळलेल्या टाचांचं मलम करून विकत. मलमाला मागणी फार. तिळाचं तेल, राळ आणि रानातल्या मधाच्या पोळ्याचं मेण, एवढंच त्यात असे. मेण माझ्या माहेरून, साताऱ्याहून येई. जावळीच्या रानात मध काढणारे एक म्हातारबा ते माझ्या वडिलांना आणून देत.

एका वर्षी म्हातारबांचे गुडघे गेले. मुलं दोघंही फौजेत, कड्यावर चढणार कोण? आम्ही बाजारातून मेण आणलं. दिसायला स्वच्छ, पण कढवताना मेणबत्तीसारखा वास सुटला. सासूबाई थबकल्या. मीच म्हटलं, "आई, कुणाला कळतंय?"

पंधरा दिवसांनी कवठे महांकाळकडची एक शेतकरी बाई दारात उभी राहिली. दरवर्षी हिवाळ्यात ती चार डब्या न्यायची. तिनं पायरीवर बसून टाच वर केली. भेगेतून रक्त आलं होतं.

"आवं काकू, ह्ये तुमचं मलम न्हाई. वरच्यावर ऱ्हातंय, आत मुरतच न्हाई."

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "खरं आहे तुझं. मेण बदललंय. चूक माझी."

"मग जुन्यातलं द्या की."

"जुनी एकही डबी उरली नाही गं."

सासूबाईंनी तिला कृती सांगितली. ती हसली. "आमच्या माळावर कुठलं आलंय तसलं मेण!" आणि नुसतं तिळाचं तेल घेऊन गेली.

त्याच दुपारी, कोपऱ्यावरच्या दुकानात विकायला ठेवलेल्या उरलेल्या डब्या सासूबाईंनी परत आणवल्या. मी हट्टानं म्हटलं, "एकीच्या बोलण्यावरून?" त्या म्हणाल्या, "बाकीच्या सांगायला एवढ्या लांब येणार नाहीत, सूनबाई." मला राग आला होता, आणि लाजही वाटली होती.

पुढं त्यांनी साताऱ्याला दोनतीन पत्रं धाडली, पण तसं मेण काही मिळालं नाही. उटणं, मंजन चालू राहिलं. मलम मागायला बायका येतच राहिल्या; काही रुसल्या, एक तर म्हणाली, आम्हाला गर्व झालाय. सुरुवातीला मी प्रत्येकीला म्हातारबांपासून सगळं सांगत बसायची. नंतर नंतर "बंद केलंय हो" एवढंच म्हणायची आणि पाणी विचारायची.