खिडकी उघडी ठेवली तर

माणूस कुठे राहतो हे मला पत्ता न विचारता कळतं. सोल शहरातल्या या चढावरच्या गल्लीत सत्तावीस वर्षं माझी लाँड्री आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या कपड्यांना उन्हाचा वास येतो, दुसऱ्यावरच्यांना शेजारच्या आंबवलेल्या किमचीचा, आणि अर्ध्या जमिनीत गेलेल्या खोल्यांमधल्या कपड्यांना जो येतो त्याला मी अजून नाव दिलेलं नाही. बोरामचा कोट पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी म्हणालो, "पोरी, ह्वांगबाईंच्या खालच्या खोलीत आलीस वाटतं."

ती दचकली. "काका, पाळत ठेवता काय माझ्यावर?"

"मी कशाला? तुझी बाहीच चहाडी करते."

बोराम सव्वीस वर्षांची, येओसूच्या एका कोळ्याची मुलगी. लोकांचे फ्रिज बिघडले की फोनवर त्यांची माफी मागायची, ही तिची नोकरी. सवय इतकी अंगात भिनलेली की माझ्या दाराला धडकली तर दाराचीही माफी मागायची. खोलीच्या खिडकीतून तिला फक्त रस्त्यावरची पावलं दिसत, त्यामुळे गल्लीतली माणसं ती बुटांवरून ओळखे. संडास मात्र राजेशाही. मैलापाणी उलटं येऊ नये म्हणून दोन पायऱ्या उंच ओट्यावर बांधलेला.

"रोज सकाळी राज्याभिषेक असतो, काका," ती सांगे. "छताला डोकं आपटतं, म्हणून मुकुट तेवढा घालता येत नाही."

जुलैच्या पावसात भिंतीच काळ्या पडायला लागल्या. तिने ब्लीचने पुसल्या, ओल शोषणारे डबे कोपऱ्याकोपऱ्यात मांडले. तीन दिवसांत डबे काठोकाठ भरले. घरमालकीण ह्वांगबाईंनी नवा वॉलपेपर लावून दिला, जुन्याच्याच वर. ऑक्टोबरमध्ये तोही कपाटामागे काळवंडला आणि बोरामला खोकला लागला तो लागलाच. ह्वांगबाई दुष्ट नाहीत हो. नोव्हेंबरात किमची घातली की डबा भरून तिला देणारच. पण भिंतीचा विषय काढला की एकच वाक्य: "खिडकी उघडी ठेवली तर ओल येत नाही." खिडकी उघडली की डिलिव्हरीवाल्यांच्या मोटारसायकली थेट तिच्या उशीवर धूर सोडत.

डॉक्टरांनी सांगितलं, घर बदल. तिने चार गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली पाहिली. तिथली मालकीण फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबायला तयार होती. अडकलं ते अनामत रकमेवर; जुनी परत मिळाल्याशिवाय नवी भरता येईना. आमच्याकडे ती मालकाच्या कपाटात बसून राहत नाही. बोरामची अनामत ह्वांगबाईंच्या मुलाच्या तळलेल्या चिकनच्या दुकानात गेली होती, म्हणजे शब्दशः तेलात. पुढचा भाडेकरू आला की त्याच्या पैशातून आधीच्याची फेड, अशी सगळ्यांची रीत. म्हणून खोली दाखवायचं कामही जाणाऱ्याचंच. करार संपला होता, कोर्टात ती जिंकलीही असती. पण फुप्फुसं तोवर थांबली नसती.

पहिल्या पाच जणांना तिने खरं सांगितलं. पाचही जण बूट न काढताच परत गेले. ह्वांगबाई माझ्या दुकानात येऊनच तिच्यावर घसरल्या.

"तुला कोणी विचारलं होतं गं बुरशीचं?"

"त्यांनीच विचारलं, काकू."

"मग कमी बोल ना! दिवसभर फोनवर फ्रिजवाल्यांची बाजू सावरतेस, माझ्या खोलीची सावरायला काय होतं?"

बोराम माफ करा म्हणाली. मग ह्वांगबाई गेल्यावर काउंटरची कड धरून बराच वेळ खोकली.

"काका," ती म्हणाली, "मी ही खोली बघायला आले ना, तेव्हा आधीची मुलगी पूर्ण वेळ कपाटाला टेकून उभी होती. हलेचना. मला वाटलं, किती निवांत आहे."

मी हातातल्या शर्टाला इस्त्री करत राहिलो.

"वास कसा काढायचा?" तिने विचारलं.

मला माहीत होतं, माझा धंदाच तो. पडदे व्हिनेगरमध्ये भिजवून धुऊन दिले. कॉफीचा भाजका चोथा बशांतून ठेवायला सांगितला. साडेबारा ते एक त्या खोलीत उन्हाचा एक पट्टा येतो, तेव्हाच बोलाव म्हटलं. हे सगळं मी फुकट केलं, आणि त्याचा मला त्या दिवशी चक्क अभिमान वाटत होता.

हान्बी खोली बघायला आली तेव्हा मी तिथे स्टुलावर चढून पडदे लावत होतो. कॉलेजची मुलगी, नवं पांढरं स्वेटर, हातात बोरामसाठी आणलेला संत्र्यांचा डबा. उन्हाचा पट्टा अगदी वेळेवर आला होता. ओट्यावरचा संडास बघून ती खळखळून हसली. मग तिने भिंतीवर तळहात ठेवला.

"ताई, इथे ओल येते का हो?"

बोराम कपाटाला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याच्या कड्या मोजायला लागलो. आठच होत्या, मी त्या बराच वेळ मोजल्या.

"खिडकी उघडी ठेवली तर नाही येत," बोराम म्हणाली.

आठवड्यात हान्बीच्या पैशातून बोरामची अनामत हातात आली. ती गेली. जाताना संत्र्यांचा तो डबा, न उघडलेला, माझ्या काउंटरवर ठेवून गेली. माझ्याकडे कपडे टाकायला ती परत कधी आली नाही. एकदा रस्त्यात समोरून येताना दिसली, न खोकता. मला पाहून पलीकडच्या फुटपाथवर गेली.

यंदाच्या जुलैत हान्बी मुलाखतीचा सूट घेऊन आली. मी तो नाकापासून लांबच धरला.

"काका, हा वास जाईल ना?"

"सुटाचा जाईल."

ती थोडी खोकली, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "आणि खोलीचा? पुढच्या महिन्यात लोक बघायला येणार आहेत."

मी काउंटरखालून व्हिनेगरची बाटली काढून तिला दिली.