बिल्ल्याखालचा डाग

चाचांनी शर्ट काउंटरवर उलटा करून पसरला आणि मी मशीन थांबवली.

पनवेलच्या बाजारातल्या एका गल्लीत खेळाच्या कपड्यांचं दुकान होतं, तिथे मी मशीनवर बसायचे. तेव्हा मी पस्तिशीत होते. राहायला कळंबोलीत भाड्याच्या घरात. नवरा तिथल्याच लोखंड बाजारात क्रेन चालवायचा, मुलगी सहावीत होती. दुकानाचं मुख्य काम म्हणजे गावोगावच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांचे टी-शर्ट. दिवाळी सरली की नेरे, कोन, उरणकडच्या गावांतून पोरं यायची. प्रत्येक संघाला वेगळा रंग, पाठीवर मोठा नंबर आणि छातीवर गावदेवीचं नाव. छातीवरचे कापडी बिल्ले शिवायचं काम माझ्याकडे, कारण माझा हात सरळ चालायचा.

चाचा दुकानामागच्या गल्लीत एकटेच राहायचे. सव्वीस वर्षं आखातात विजेच्या कामावर काढून परतले होते. गुडघे दुखायचे, तरी दिवसातून एकदा दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. त्यांचा एकच शौक होता. मोठ्या खेळाडूंनी सामन्यात प्रत्यक्ष अंगात घातलेले शर्ट जमवायचे. इंटरनेटवर त्यांचे लिलाव चालतात हे मला त्यांच्याकडूनच पहिल्यांदा कळलं. घामाचा, मातीचा, कुणीतरी वापरून टाकलेला शर्ट लोक बोली लावून घेतात, हे ऐकून मी हसले होते. ते मात्र गंभीरपणे म्हणाले होते, "बेटी, नवा शर्ट कुणीही घेईल. त्यात माणूस नसतो."

त्या दिवशी त्यांनी आणलेला शर्ट कसोटी सामन्यातला होता, पांढरा. एका वेगवान गोलंदाजाचा. त्याची गोलंदाजी चाचांनी तिकडे आखातात उन्हात बसून पाहिलेली. सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्रही आलं होतं.

"बिल्ल्याचा कोपरा सुटलाय," ते म्हणाले. "दोन टाके घाल, पण आतून. बाहेरून दिसता कामा नये. आणि इस्त्री बिलकुल नको."

मी आतल्या बाजूने पाहिलं. बिल्ल्याभोवती फिकट पिवळा धागा होता.

तो धागा मीच घातला होता. चारेक महिन्यांपूर्वी एक गिऱ्हाईक पांढरे शर्ट घेऊन आलं होतं. चाळिशीचा माणूस, साधे कपडे, बोलणं अगदी मऊ. बिल्ले त्याने वेगळ्या पाकिटात आणले होते. शर्ट मळके होते, कोपरांवर तांबूस माती, छातीवरही डाग.

"धुऊन आणा ना," मी म्हटलं होतं. "मातीवर सुई तुटते."

"नको ताई, धुवायचे नाहीत. जाहिरातीचं शूटिंग आहे, मळकेच हवेत."

मी शेठकडे पाहिलं. शेठ उरणकडच्या गावचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. ते म्हणाले, "बाय, गिऱ्हाईक बोलतंय तसं कर. आपल्याला काय करायचंय?" मी केलं. शिवताना बॉबिनमधला पांढरा धागा संपला, दुसरी रीळ मिळेना, म्हणून नेऱ्याच्या संघाच्या कामातला उरलेला पिवळा भरला. आतली बाजू, कोण बघतंय! पुढे तो माणूस आणखी एकदा आला. दोन्ही वेळचे मिळून अकरा शर्ट झाले. सगळ्यांना तोच धागा.

"काय झालं?" चाचांनी विचारलं.

"काही नाही. उद्या देते."

दुसऱ्या दिवशी शेठ जेवायला गेल्यावर मी ब्लेड घेतलं. पिवळा धागा काढून पांढऱ्याने बिल्ला पुन्हा शिवायचा, बास, असं मी ठरवलं होतं. मग माझा त्या शर्टाशी संबंध उरणार नव्हता. तीन बाजू उसवल्या, बिल्ला वर उचलला आणि थांबले. तांबूस डाग बिल्ल्याच्या कडेला संपत नव्हता. तो खाली, बिल्ल्याने झाकलेल्या कापडावरही तसाच पसरला होता.

शिवणकाम करणाऱ्या बाईला हे समजायला कुणी शिकवावं लागत नाही. त्या गोलंदाजाने बिल्ला लावलेल्या शर्टात मैदानावर उडी मारली असती, तर माती बिल्ल्यावर लागली असती आणि खालचं कापड पांढरं राहिलं असतं. इथे उलटं होतं. बिल्ला कोरा आणि त्याच्याखाली माती. धागा बदलून काय उपयोग होता?

मी चाचांना सांगितलं ते चांगुलपणामुळे, असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी घाबरले होते. उद्या दुसऱ्या कुणी हा बिल्ला उसवला तर? तो माणूस पकडला गेला आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं तर? कुणीतरी सांगण्याआधी आपण सांगावं, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. अर्धवट उसवलेला शर्ट पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेले.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. बिल्ला स्वतः वर करून पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"असे किती केलेस?"

"अकरा."

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी कॉम्प्युटर लावला. त्याच विक्रेत्याचे आणखी पाच शर्ट लिलावात होते. चाचा फोटो मोठे करायचे आणि मी स्क्रीनला नाक लावून बघायचे. एका शर्टावर डाग बिल्ल्याच्या एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडला होता, मधला बिल्ला मात्र लख्ख. कोपराची झीज दोन्ही बाह्यांना अगदी सारखी, म्हणजे पॉलिश पेपरने घासलेली. माणूस डावीकडे नाहीतर उजवीकडे पडतो, मोजून दोन्हीकडे पडत नाही. छातीवर लाल रेघा होत्या, त्या बघून चाचा चिडले. "चेंडू पँटला घासतात. छातीला कोण घासतं? मॅचसुद्धा बघितली नाही हरामखोराने."

निघताना मी हात जोडले. "चाचा, माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

"नाही येणार."

नाव त्यांनी दिलं नाहीच. पण आम्हाला दिसलेल्या सगळ्या चुका लिहून लिलाववाल्यांना तक्रार पाठवताना शर्टाच्या आतल्या बाजूचा फोटो जोडला, आणि तीच तक्रार विक्रेत्यालाही पाठवली. फोटोत पिवळा धागा स्पष्ट दिसत होता. पांढऱ्या शर्टाला आतून पिवळा धागा घालणारी बाई कोण, हे जगात एकाच माणसाला कळणार होतं.

आठवड्याभरात तो दुकानात आला. दुपार होती, शेठ बँकेत गेलेले. त्याने दारातली खुर्ची आत ओढली आणि माझ्या मशीनसमोर बसला.

"ताई, बऱ्या आहात ना?"

मी मान हलवली. पाय पायडलवरच होता, मशीन रिकामीच चालत राहिली.

"आमच्या शर्टांबद्दल कुणी काही विचारायला आलं होतं?"

"नाही."

"बरं." तो थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत बसला. मग उठला, खुर्ची परत जागेवर ठेवली. "ताई, तुमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय. सोसायटीला सांगा. पडाबिडाल एखाद्या वेळी."

तो गेल्यावर मी मशीन बंद केली. मी त्याला पत्ता कधीच दिला नव्हता. संध्याकाळी घरी गेले तर तिसऱ्या मजल्यावरचा दिवा खरंच गेला होता. मला आधी ते लक्षातही आलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस नीट सांगता येत नाहीत. मी बस बदलली. एक स्टॉप आधी उतरून मागच्या गेटने यायचे. मुलीला शाळेतून स्वतः आणायला लागले. ती चिडायची, "सगळ्या एकट्या येतात, मलाच का?" दाराची बेल वाजली की आधी गॅस बंद करायचे, का ते मला आजही सांगता येणार नाही. नवऱ्याला काही बोलले नव्हते. तो लोखंड बाजारातला माणूस, सरळ अंगावर जाईल अशी भीती, आणि माझ्याच हातचं काम आहे हे त्याला कळेल अशीही भीती.

एका रविवारी नवरा भाजी घेऊन वर आला आणि सहज म्हणाला, "आपल्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी नवीन राहायला आलंय वाटतं. भला माणूस आहे. परवा सिलिंडर वर आणायला हात लावला त्याने. तुझं काम विचारत होता. तुला ओळखतो म्हणाला."

माझ्या हातातली परात खाली पडली. मुलगी आतून धावत आली. तिला मी पुन्हा आत पाठवलं, दार लोटलं आणि नवऱ्याला सगळं सांगितलं.

तो काही अंगावर गेला नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिला. त्याचा चेहरा उतरलेला मी त्याआधी एकदाच पाहिला होता, त्याचे वडील गेले तेव्हा.

"पोलिसांत जाऊ," शेवटी तो म्हणाला.

"मीच शिवलेत रे."

"मग तेच सांग."

चाचा आमच्याबरोबर आले. गुडघे धरत पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढले. पहिला हवालदार हसला. "वापरलेला शर्ट? आणि फसवणूक?" पण आतल्या महिला अधिकाऱ्याने शर्ट टेबलावर पसरायला लावला. तिने बिल्ला वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं का, हे कशासाठी आहे?"

"नाही. पण मी विचारायला हवं होतं."

ते तिने लिहून घेतलं. जिन्यातल्या दिव्याचंही लिहून घेतलं, आणि त्या वाक्यापाशी जरा जास्त वेळ थांबली. शर्ट पुरावा म्हणून ठेवून घेतला. चाचांनी तो देताना घडी घालून दिला.

दुसऱ्या दिवशी शेठने मला बाजूला घेतलं. "बाय, तू आता येव नको. माझी काय तक्रार नाय तुझ्यावर. पण मला पोरंबाळं हायत." बोलता बोलता त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि वाकून गल्लीत कुणी आहे का ते पाहिलं. तोवर मला वाटत होतं की ते त्या माणसाला सामील असतील. त्यांना तसं वाकून बघताना पाहिल्यावर तसं वाटेनासं झालं. मी माझी कात्री आणि बोटात घालायचं अंगुस्तान घेऊन निघाले.

लिलाववाल्यांनी ते पाचही शर्ट उतरवले. पण दोनच महिन्यांत वेगळ्या नावाने नवे शर्ट आले. चाचांनी मला बोलावून दाखवले. आता बिल्ला आधी शिवलेला होता, माती नंतर लावलेली. छातीवरच्या लाल रेघाही गायब. आमची तक्रार वाचून त्यांनी चुका सुधारल्या होत्या. त्या माणसामागे आणखी माणसं होती, आणि ती आमचं लिहिलेलं शब्द न् शब्द वाचत होती.

तो पकडला गेला कळंबोलीतल्या एका कुरियरच्या काउंटरवर, पार्सल देताना. ओळख पटवायला मला बोलावलं. त्याला समोर बसवलं होतं. त्याने पाणी मागितलं, तेही त्याच मऊ आवाजात. त्याच महिला अधिकाऱ्याने विचारलं, "हाच का?" मी मान हलवली. "मान नको, बोला," ती म्हणाली. मी म्हटलं, "हाच."

केस उभी राहायला अडीच-तीन वर्षं गेली. तोवर तो जामिनावर बाहेर होता. प्रत्येक तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तो आमच्यापासून चार हातांवर बसलेला असायचा, डब्यातली पोळीभाजी खात. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही त्याने. त्याचीच मला जास्त भीती वाटायची. माझी साक्ष झाली त्या दिवशी माझा आवाज इतका बारीक येत होता की न्यायाधीशांनी तीनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. त्याच्या वकिलाने विचारलं, "म्हणजे बनावट माल तुम्हीच तयार केलात?" मी "हो" म्हटलं. ते मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

त्याला शिक्षा झाली. फार नाही, काही महिने. मागची माणसं कोण होती ते कधीच कळलं नाही. निकाल मला चाचांनी फोनवर सांगितला. "आता घाबरायचं नाही, बेटी," ते म्हणाले. मी "हो चाचा" म्हटलं. तोपर्यंत आम्ही कळंबोलीचं घर सोडून नव्या पनवेलला आलो होतो. मी घरीच ब्लाउज शिवायला लागले होते. शेजारच्या बायका विचारायच्या, आधी कुठे काम करायचात? मी सांगायचे, कुठेच नाही, घरीच असायचे.